शंभरच फोटोंची नावं का बदलली?

प्रश्न: बहिणीच्या लग्नाचे साडेपाचशेच्या आसपास फोटो आहेत, आयएमजी_२३१० पासून सलग नंबर. एकेकावर राइट क्लिक करत कोण बसणार म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजची कमांड टाइप करायची खिडकी) 'रेन आयएमजी_*.जेपीजी लग्न_*.जेपीजी' मारली (इंग्रजीतच टाइप केलं अर्थात). तर फक्त शंभर फोटोंची नावं बदलली, तीही लग्न_१०, लग्न_११ अशी, पहिले दोन आकडे गायब. बाकीच्यांना डुप्लिकेट नावाची एरर. फोटो उडाले का? कंट्रोल झेड पण चालेना.
— एक वाचक, सांगली

उत्तर: काही उडालं नाही. रेन (म्हणजे रिनेम) ही कमांड फक्त नाव बदलते, त्या नावाची फाइल आधीच असेल तर अडते, तिच्यावर दुसरी चढवून ती पुसत नाही. (लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवरची नाव बदलायची कमांड, एमव्ही, मात्र न विचारता चढवते, तिथे डॅश आय (-i) लावा, म्हणजे आधी विचारते.)

गोची स्टारची आहे, म्हणजे * या खुणेची ('इथे काहीही असू दे'). नवीन नावात रेन अक्षरं जागेनुसार बसवते, म्हणजे नवीन नावाचं प्रत्येक अक्षर जुन्या नावातल्या त्याच जागेचं अक्षर खातं आणि स्टारच्या जागी उरलेलं येतं. इंग्रजीत 'आयएमजी_' ची होतात चार, 'लग्न_' ची सहा, मग जास्तीच्या दोन अक्षरांनी २३१० मधले २३ खाल्ले आणि उरले १०. दोनच आकडे उरले म्हटल्यावर ०० ते ९९ अशी शंभरच नावं होणार, पुढचे सगळे डुप्लिकेट!

आता न बदललेले फोटो २४१० पासून सुरू होतायत का बघा. होत असतील तर पहिले शंभरच (२३१० ते २४०९) बदललेत आणि सगळं सरळ करता येतं. त्यात लग्न_०० ते लग्न_०९ हे मुळात २४०० ते २४०९. आधी 'रेन लग्न_०*.जेपीजी आयएमजी_२४०*.जेपीजी', त्यानंतरच 'रेन लग्न_*.जेपीजी आयएमजी_२३*.जेपीजी'. क्रम उलटा केलात तर २४०० ते २४०९ हे दहा फोटो २३०० ते २३०९ होऊन बसतील. 'आयएमजी_२३' पण सहाच अक्षरं, त्यामुळे या वेळी काही खाल्लं जात नाही, बरोब्बर बसतं. तरी आधी फोल्डरची कॉपी काढा हो, कमांड प्रॉम्प्टला अनडू नाही.

मग नवीन नाव चार अक्षरांचं घ्या, 'एलजीएन_' वगैरे, एका फटक्यात सगळे बदलतील. अख्खं 'लग्न'च हवं असेल तर पॉवरशेलमधलं (विंडोजचीच दुसरी कमांडची खिडकी) रिनेम-आयटम वापरा, शेवटी डॅश व्हॉटइफ (-WhatIf) लावलं की नाव न बदलता नुसतं काय होणार ते दाखवतं.