मस्टरच्या बाजूला बसताना

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईघाईत विचारलंस, "सर, चार वर्षं ॲडमिनच केलं, आता मला एचआरमध्ये कोण घेणार?" मी लिहून कळवतो म्हणालो. 'होईल गं सगळं' म्हणून फोन ठेवणं मला जमत नाही.

आधी एक सांग. गोकुळ शिरगावच्या तुझ्या कारखान्यात सिक्युरिटी एजन्सीचं बिल दर महिन्याला तुझ्याच टेबलावर येतं ना? त्यात तू काय बघतेस? गार्ड किती, ड्युट्या किती, जीएसटी बरोबर लागला का, की झाली सही. या महिन्यात त्या बिलाला जोडलेलं पीएफचं चलन, म्हणजे पैसे भरल्याचा कागद, उलगड. सोबत नावांची यादी असते, नसली तर मागून घे. गेटवर १४ माणसं आलटून पालटून उभी असतात, यादीत नावं किती ते मोज. ११ निघाली तर उरलेले तिघे कोण, हे एजन्सीवाल्याला विचार. तो गोड बोलेल, "मॅडम, पोरं नवीन आहेत, पुढच्या महिन्यात घालतो." बिल पुढं सरकवू नकोस. ठेकेदारानं पीएफ भरला नाही तर तो मूळ मालकाच्या गळ्यात येतो. कॅन्टीनवाला, हाऊसकीपिंगवाला, सगळ्यांचं हेच. या कामाला एचआर म्हणतात, पोरी. पदनाम येईल मागाहून.

बायोडाटात मात्र 'मला माणसांशी बोलायला आवडतं' असलं काही लिहू नकोस. ते सगळेच लिहितात. '३ ठेकेदारांची चलनं दर महिन्याला तपासते' असं लिही. केलं असशील तरच.

आपल्याकडच्या फौंड्र्यांत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांत, एचआर म्हणजे आधी टाईम ऑफिस. मस्टर म्हणजे हजेरीपट, रजा, ओव्हरटाईम, मग पगार. मुलाखती आणि महिला दिनाची रांगोळी फार नंतर. पगार ७ तारखेच्या आत आणि पीएफची आणि ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, चलनं १५ च्या आत, त्यामुळं महिन्याचे पहिले पंधरा दिवस तुमच्या एचआरवाल्याची धांदल असते. त्याला म्हण, मी संध्याकाळी तासभर बसते. नाही म्हणणार नाही. तिथं तुला १ जूनची माणसं भेटतील. शाळेत घालताना गुरुजींनी सगळ्यांना १ जून लावलेली, आधारवर दुसरी तारीख, पीएफला तिसरीच. मुलीच्या लग्नासाठी पैसे काढायला गेलेला माणूस त्या तारखेपाशी अडकतो. असे दहा जणांचे कागद तू नीट करून दिलेस, की कारखान्यात तुझं नाव आपोआप होईल.

कायदा वाचायचाच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात, म्हणजे जुने एचआरवालेही आता नव्यानंच शिकतायत. तुझ्यासाठी ही चांगली वेळ आहे. सुरुवात वेतनाच्या व्याख्येपासून कर. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. बेसिक कमी दाखवून पीएफ वाचवायची जुनी युक्ती तिथं लंगडी पडते. माणूस सोडून गेला तर त्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, हेही त्यातच.

तीन महिन्यांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर माझा विश्वास नाही. शिकायचंच असेल तर कोल्हापूरच्या सायबर कॉलेजला एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याच्या पदवीची, चौकशी कर. कामगारांच्या सोयी बघणारा कल्याण अधिकारी पूर्वी ५०० कामगारांच्या कारखान्याला लागायचा, नव्या संहितेत २५० ला लागतो. तिथं ही पदवी कामाला येते.

आता माझी एक चूक सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरला महापूर आला, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. मी तेव्हा पलीकडच्याच एका कारखान्यात होतो. पंचगंगेच्या पुलाच्या अलीकडची माणसं येणार कशी? मी नियमाप्रमाणं सगळ्यांना लाल पेनानं गैरहजर लावलं आणि पगार कापला. पाणी उतरल्यावर चिखली गावाकडचा एक मोल्डर, म्हणजे साचे करणारा कामगार, टाईम ऑफिसच्या खिडकीशी आला. चपलेला अजून घरातला गाळ होता. म्हणाला, "साहेब, गोठ्यात म्हैस गळ्याएवढ्या पाण्यात होती. तुमच्या मस्टरला मी कुठं होतो?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्याची रजा शिल्लक होती, मी बघितलीसुद्धा नव्हती. जुलै २०२१ ला परत पाणी चढायला लागलं, त्याच दिवशी मी मालकांपुढं कागद ठेवला. रजा आहे त्यांची रजा धरू. नाही त्यांना पगार देऊ आणि पुढं सुट्टीच्या दिवशी काम भरून घेऊ. त्यांनी वाचून लगेच सही केली. दोन वर्षांपूर्वीही केली असती. मीच विचारलं नव्हतं.

एक गोष्ट तुला जड जाईल. आज कॅन्टीनला गेलीस की सगळ्या तुला सरकून जागा देतात. एचआरला गेलीस की तुला बघून बोलणं थांबेल. कुणाला नोटीस निघणार, कुणाचा पगार किती, हे तुला ठाऊक असेल आणि जिवाभावाच्या मैत्रिणीलाही सांगता येणार नाही. मला याची सवय व्हायला दोन वर्षं लागली. खरं सांगायचं तर पुरती झालीच नाही. पहिल्या वर्षी पगारही फारसा वाढणार नाही, तेवढी तयारी ठेव.

रविवारी ये. तुझी स्वतःची पगारस्लिप आण, नव्या व्याख्येनं ती तूच माझ्यासमोर मांडून दाखवायची. एजन्सीचं चलन मात्र आणू नकोस, ते ऑफिसचं. नावं किती निघाली तेवढं तोंडी सांग. आणि जेवूनच जायचं, असा काकूंचा निरोप आहे.