अर्धवट गेम विकला आणि रिफंडही नाकारला, आता काय?

प्रश्न : एका मोठ्या गेमची डिलक्स आवृत्ती मी ट्रेलर पाहून प्री-ऑर्डर केली होती. कंपनीने शिफारस केलेल्यापेक्षा माझा कॉम्प्युटर वरचढ आहे. तरीही गेम सारखा क्रॅश होतो. दुसऱ्या अंकातल्या एका मोहिमेत लिफ्टचं दार उघडतच नाही, त्यामुळे कथा तिथेच अडकली आहे. पॅच (दुरुस्ती करणारं अपडेट) येईल या आशेने थांबलो, तोवर अकरा तास खेळून झाले. स्टोअर म्हणतं, दोन तासांची मर्यादा ओलांडली, रिफंड मिळणार नाही. कंपनीने जाहीर माफी मागून एक विस्तारभाग मोफत देऊ केला आहे, पण त्यासाठी ‘मान्य आहे’ दाबावं लागतं. बँकेकडून व्यवहार उलटवून घेऊ का? शिवाय मी स्टोअरवर कडक रिव्ह्यू लिहिला आहे. त्यावरून कंपनी माझ्यावर बदनामीची केस करेल, असं मित्र म्हणतो.

उत्तर : सगळ्यात आधी, ते ‘मान्य आहे’ दाबू नका. २०१४ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ असाच कच्चा बाजारात आला. पात्रांचे चेहरे गायब व्हायचे, माणसं जमिनीतून खाली पडायची. तो बनवणाऱ्या युबीसॉफ्टने माफी मागितली, सीझन पासची (पुढे येणारे जादा भाग आगाऊ एकत्र विकत घेण्याच्या योजनेची) विक्री थांबवली आणि ज्यांनी तो आधीच घेतला होता त्यांना एक गेम मोफत देऊ केला. त्या मोफत गेमच्या अटींमध्ये एक कलम होतं : हा गेम स्वीकारणारा युनिटीबाबत कंपनीवर दावा करण्याचा हक्क सोडत आहे. तुमच्या बाबतीतही पूर्ण अटी उघडा, हक्क सोडल्याचं किंवा ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ अशा अर्थाचं काही आहे का ते बघा आणि ते पान जतन करा. असं कलम असेल तर भेट नाकारा. मूळ गेमच अडकलेला असताना त्याचा विस्तारभाग तुमच्या काय कामाचा?

आता दोन तासांची मर्यादा. बहुतेक खेळाडू इथेच माघार घेतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण माघार घेण्याचं कारणच नसतं. ठरावीक दिवसांत आणि ठरावीक तासांच्या आत कारण न विचारता पैसे परत देणं ही स्टोअरने आपणहून दिलेली सवलत आहे. गेम आवडला नाही किंवा चुकून घेतला गेला, यासाठी ती असते. माल सदोष निघाला तर मिळणारा हक्क वेगळा. तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने दिलेला आहे आणि स्टोअरचं धोरण काही म्हणत असलं तरी तो शिल्लक राहतो. ऑस्ट्रेलियात अशा वादात ‘स्टीम’ हे गेम स्टोअर चालवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीने ‘आमचा करार अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याखाली आहे’ असा बचाव घेतला होता. तिथल्या फेडरल न्यायालयाने २०१६ मध्ये तो फेटाळला आणि त्याच वर्षी ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड लावला. तो निकाल आपल्याकडे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या ग्राहक आयोगांवर बंधनकारक नाही, पण आधार म्हणून जरूर दाखवता येतो.

तुमचे अकरा तासही दिसतात तितके विरोधात जात नाहीत. त्यात क्रॅशनंतर पुन्हा सुरू करण्याचा, लोडिंगचा, तीच मोहीम परत परत खेळून पाहण्याचा वेळ धरलेला आहे. आणि दोष दुसऱ्या अंकातला आहे. दोन तासांत जिथे पोहोचताच येत नाही, तिथला दोष दोन तासांत सांगायला हवा होता, हे म्हणणं कोणत्याही आयोगापुढे टिकणं कठीण आहे. फक्त यापुढे खेळत राहू नका. पुरावा गोळा झाला की थांबा. पैसे परत मागायचे आणि रोज रात्री खेळायचंही, हे दोन्ही एकत्र चालणार नाही.

कायद्यातली ‘दोष’ या शब्दाची व्याख्या तुमच्या बाजूची आहे. विक्रेत्याने मालाबद्दल कोणत्याही प्रकारे जो दर्जा सांगितला, त्यात उणीव असेल तर तो दोष. ‘कोणत्याही प्रकारे’ यात ट्रेलर आला, स्टोअरवरचं वर्णन आलं आणि किमान व शिफारस केलेल्या कॉम्प्युटरची यादीही आली. शिफारस केलेल्यापेक्षा चांगल्या यंत्रावर गेम बंद पडतो, हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. कंपनी कदाचित म्हणेल की गेम हा माल नाही, आम्ही फक्त लायसन्स दिलं. म्हणून तक्रारीत ‘मालातील दोष’ आणि पर्यायाने ‘सेवेतील त्रुटी’ असं दोन्ही लिहा. ‘आहे त्या स्थितीत’ विकल्याचं कलमही ते पुढे करतील. तो करारच अन्यायकारक ठरवून मागण्याच्या मोहात पडू नका, कारण तो अधिकार जिल्हा आयोगाला नाही, त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं. दोष आणि अनुचित व्यापारी प्रथा (म्हणजे दिशाभूल करून विकणं), एवढ्यावरच ठाम राहा.

एक फरक मात्र मनाशी स्पष्ट ठेवा. अपेक्षाभंग म्हणजे दोष नव्हे. २०१६ मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ आला तेव्हा खेळाडू प्रचंड चिडले, ब्रिटनच्या जाहिरात नियामकाकडे तक्रारीही गेल्या. नियामकाने जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली नाही. जग रिकामं वाटलं, कथा फसली, शेवट घाईत उरकला, हे सगळं तुमच्या रिव्ह्यूत शोभतं, तक्रारीत त्याने वजन कमी होतं. त्याचप्रमाणे ‘अर्ली ॲक्सेस’, म्हणजे अजून तयार होत असलेला, असं स्पष्ट लिहून विकलेल्या गेमबाबत तुमची बाजू बरीच लंगडी पडली असती. तुमचा गेम पूर्ण म्हणून, पूर्ण किमतीला विकला गेला, आणि तेच तक्रारीच्या पहिल्या परिच्छेदात यायला हवं.

अशा प्रकरणांत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पुराव्याची. बिघडलेला फ्रिज बिघडलेलाच राहतो, गेम मात्र रात्रीतून आपोआप अपडेट होतो आणि दोष होता याची खूणही उरत नाही. म्हणून आजच आपोआप अपडेट बंद करा, जमत नसेल तर पुढचा पॅच यायच्या आत रेकॉर्डिंग करा. व्हिडिओ एकाच सलग तुकड्यात असू द्या. सुरुवातीला मेनूवरचा आवृत्ती क्रमांक, मग कॉम्प्युटरची माहिती दाखवणारी खिडकी, मग मोहीम. लिफ्टपर्यंत जा, बटण दाबा, थांबा, सेव्ह पुन्हा लोड करून तेच करा. काही कापू नका, संगीत चढवू नका. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रत्येक क्रॅशची तारीख आणि वेळ नोंदलेली असते, ती यादी काढा. स्टोअरचं पान, ट्रेलर, बिल, रिफंड नाकारल्याचा मेल हेही जपून ठेवा. या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, म्हणजे तो कोणत्या यंत्रावरून कसा काढला हे सांगणारं, प्रमाणपत्र जोडा.

आणि कंपनीचा माफीनामा! तो तर शब्दन् शब्द जतन करा. ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० ला आला आणि जुन्या कन्सोलवर (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रांवर) अक्षरशः चालेना. चारच दिवसांत तो बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टने जाहीरपणे मान्य केलं की त्या कन्सोलवरचा गेम आधी दाखवला नाही आणि तिथे तो नीट चालावा याकडे जास्त लक्ष द्यायला हवं होतं. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला, पैसे परत देऊ केले, आणि तो परत आला थेट जून २०२१ मध्ये. खेळाडूंनी आवाज उठवला, व्हिडिओ टाकले, म्हणून हे घडलं, याबद्दल मला शंका नाही. पण अमेरिकेत नंतर १८.५ लाख डॉलरची जी तडजोड झाली, ती गुंतवणूकदारांच्या दाव्यात. खेळाडूंना पैसे मिळाले ते रिफंड मागितला त्यांना. ऑनलाइन याचिकेवर हजारो सह्या झाल्या तरी ती तक्रार होत नाही. तुमच्यासारखेच अडकलेले आणखी काही जण असतील, तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, त्याचा जरूर विचार करा.

आता पत्र. स्टोअर आणि गेमची प्रकाशक कंपनी, दोघांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एकच मेल पाठवा. ‘गेम भंगार आहे’ असं लिहू नका. असं लिहा : ‘अमुक तारखेला अमुक क्रमांकाच्या बिलाने घेतलेला गेम, आवृत्ती अमुक, आपण जाहीर केलेल्या शिफारशीपेक्षा उच्च क्षमतेच्या संगणकावर वारंवार बंद पडतो व दुसऱ्या अंकातील अमुक मोहीम पूर्ण होऊ शकत नाही. हा दोष आहे. आपल्या ऐच्छिक रिफंड धोरणाखाली नव्हे, तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली मी संपूर्ण रक्कम परत मागत आहे. मोफत विस्तारभागाचा प्रस्ताव मला मान्य नाही.’ २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत डिजिटल उत्पादनं स्पष्टपणे येतात, आणि भारतातल्या ग्राहकांना नियमितपणे विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्याही येतात. अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. समांतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावरही नोंद करा. पुष्कळदा एवढ्यावरच स्टोअर नमतं.

नाहीच नमलं, तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात ‘ई-जागृती’ पोर्टलवरून तक्रार दाखल करा. कंपनीचं कार्यालय कुठे आहे याने अडत नाही. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत २ वर्षांची आहे; ती गेम प्रकाशित झाल्याच्या दिवसापासून धरून चाला. किंमत व्याजासह परत, त्रासाबद्दल माफक भरपाई आणि खर्च, एवढंच मागा. या गेमसाठी नवीन ग्राफिक्स कार्ड घेतलं असेल तर त्याचे पैसे मागण्यात अर्थ नाही, कारण कार्ड तुम्ही इतर गेमसाठीही वापरताच. कायदा नोटीस मिळाल्यापासून ३ महिन्यांत निकालाची अपेक्षा ठेवतो, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. रकमेच्या मानाने ही खटपट मोठी वाटेल. तरी करा, असंच मी सांगेन, कारण लोक खटपट करत नाहीत या हिशेबावरच अर्धवट गेम तारखेला बाजारात येतात.

बँकेमार्फत चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून घेणं, आत्ता नको. अनेक स्टोअर चार्जबॅक होताच खातं गोठवतात, मग आधी घेतलेले सगळे गेमही अडकतात. आयोगाचा रस्ता चालू असताना हा धोका पत्करायचं कारण नाही.

रिव्ह्यूची भीती सोडा. बदनामीच्या गुन्ह्याला, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ ला, अपवाद आहेत. निर्मात्याने लोकांच्या पसंतीसाठी पुढे ठेवलेल्या कृतीच्या गुणदोषांवर प्रामाणिक मत देणं हा त्यातलाच एक. ‘लिफ्ट उघडत नाही, माझे पैसे वाया गेले’ हे तर सत्यच आहे. मात्र रिव्ह्यूत एखाद्या डेव्हलपरचं नाव घेऊन शिवीगाळ किंवा धमकी असेल, तर ते वाक्य आजच काढा. सायबरपंकची तारीख पुढे ढकलली तेव्हा तो बनवणाऱ्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. तो सरळ गुन्हा आहे, आणि गेम तयार नसताना विकायचा निर्णय बहुधा त्या माणसांचा नसतोच. रिव्ह्यूचा बाकीचा मजकूर तसाच राहू द्या, मात्र बदल करण्याआधी त्याचा तारखेसह स्क्रीनशॉट काढा, म्हणजे तुम्ही दोष कधी कळवला होता हेही त्यातून दाखवता येईल.