व्हिएतनामी स्टुडंट्सचे आकडे बघताना
नवीन आहेस म्हणून सांगतो, व्हिएतनामची पोरं कुठे शिकायला जातात ते बघायचं तर नुसती अमेरिका धरून बसू नकोस, तिथे २०२३-२४ला साधारण २२ हजारच होती. खरी गर्दी जपान-कोरियाकडे. जपानात चीननंतर व्हिएतनामची पोरं जास्त हे ठरलेलंच असायचं, पण २०२३ला नेपाळ पुढे गेला. येन घसरलाय, त्यात स्टुडंटला आठवड्याला २८ तासच काम, मग रात्रभर कोन्बिनीत, म्हणजे तिथल्या चोवीस तास चालणाऱ्या छोट्या दुकानात, बेंटोचे (तयार जेवणाचे) डबे लावून पोरगं घरी पैसे पाठवणार तरी किती? आणि हो, कोरियाचे आकडे घेताना डी-२ (डिग्रीवाल्यांचा) नि डी-४ व्हिसा वेगळे काढ, डी-४वाले बहुतेक भाषा शिकायला आलेले असतात, मी सगळे डिग्रीत धरले होते, जाम घोळ झालेला.