आवडत्या कॉमिकवर सिनेमा येणार म्हटलं की चाहत्यांना आनंदापेक्षा धास्तीच जास्त का वाटते?

प्रश्नात तुम्ही वेताळाचं, म्हणजे 'फँटम' या अमेरिकी कॉमिकमधल्या बुरखाधारी नायकाचं उदाहरण दिलंत म्हणून लिहायला बसलो. 'फँटमवर पुन्हा सिनेमा निघाला तर जुन्या वाचकांना काय हवंय आणि कशाची भीती वाटतेय' असं तुम्ही विचारलंय. मी वेंगुर्ल्याकडचा. या विषयावर बोलायचा आम्हाला जरा जास्तच हक्क आहे असं मी समजतो, कारण परदेशी कॉमिक्स आपल्या भाषांत छापणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्सने फँटमचं मराठीत 'वेताळ' केलं, त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडे एक वेताळ आहे.

आमच्या आरवली गावचा देव, वेतोबा. तो रात्री राखण करत गावातून फिरतो, म्हणून नवस फेडताना त्याला केळीचे घड आणि चामड्याच्या वहाणा वाहतात. वहाणा केवढ्या, तर लहान पोर आत बसेल एवढ्या. वाहिलेल्या वहाणांचे तळ पुढे झिजलेले दिसतात असं सांगतात. मी लहानपणी त्या उलट्या करून बघितल्यात आणि त्याबद्दल ओरडाही खाल्लाय.

आता अशा मुलाच्या हातात, १९८०च्या आसपास, काका चवथीला मुंबईहून येताना इंद्रजालचा गठ्ठा आणून देतो. रात्री फिरणारा, मरण नसलेला, रानातल्या माणसांचा राखणदार, आणि नाव वेताळ! मी दोघांत फरकच केला नाही. वेताळ राहतो ती कवटीची गुहा माझ्या लेखी मोचेमाडच्या डोंगरात होती. कीला-वीचा सोन्याच्या वाळूचा किनारा म्हणजे वेळागर, आणखी कुठला असणार? आजीला एकदा चित्र दाखवलं तर ती म्हणाली, "ह्यो कसलो रे वेताळ? घोड्यार बसान फिरता. आमचो वेतोबा पायान फिरता, म्हणान तर व्हाणो झिजतत." मला वाटतं, कॉमिकच्या पानावरून त्याला खरा मानावा की नाही यावर मी ऐकलेलं ते पहिलं परीक्षण.

तर धास्तीबद्दल. लोकांना वाटतं चाहते पोशाखावरून भांडतात. भांडतात खरे. २००९ साली वेताळावर आलेल्या दोन भागांच्या मालिकेत पोशाखच बदलून टाकला, तेव्हा माझ्या ओळखीच्या दोघातिघांनी ती पहिल्या पंधरा मिनिटांत बंद केली. पण ज्या जांभळ्या रंगासाठी आपण जीव टाकतो तो मुळात ठरवलेलाच नव्हता. १९३६ साली वर्तमानपत्रात वेताळाची चित्रपट्टी सुरू झाली तेव्हा ती काळी-पांढरी होती आणि तो रचणाऱ्या ली फॉकच्या डोक्यात करडा रंग होता. १९३९मध्ये रविवारची रंगीत पानं आली, त्यात तो जांभळा होऊन निघाला. इटलीत तो लाल आहे, स्वीडन-नॉर्वेत निळा. त्या त्या देशातल्या वाचकाला आपलाच खरा वाटतो. शिवाय हिरव्या रानात जांभळा माणूस लपणार कुठे? आमच्याकडे मे महिन्यात जांभळीखाली उभा राहिला तर कदाचित खपून जाईल. तेव्हा रंगाचं मी फार मनावर घेत नाही.

नट कोण, हेही मला फारसं महत्त्वाचं वाटत नाही. आणि इथे वेताळाची गोष्टच माझ्या बाजूने आहे. तो एकविसावा आहे. १५३६पासून बाप गेला की मुलगा कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, तोच बुरखा चढवतो, आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नाही की माणूस बदललाय. म्हणजे नट बदलणं हाच या कथेचा पाया! आरवलीतही मूळची मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, आताची पंचधातूची आहे. मूर्ती बदलली म्हणून नवस बोलायचे कुणी थांबलं नाही. पण देवाची मूर्ती फणसाची, म्हणून ते लाकूड घरात न वापरायचा रिवाज गावाने सोडला नाही. काय बदललं तरी चालतं आणि काय सोडायचं नाही, हे लोकांना बरोबर कळतं, कुणी लिहून द्यावं लागत नाही.

मग भीती कशाची? १९९६च्या सिनेमाचं सांगतो, म्हणजे स्पष्ट होईल. सायमन विन्सरने केलेला, बिली झेन वेताळ. मी तो बऱ्याच वर्षांनी केबलवर हिंदीत पाहिला. लोक म्हणतात तितका तो वाईट नाही. घोडा छान, लांडगा छान, झुलत्या पुलाचा प्रसंग तर मी आजही बघेन. झेनने कथेची टवाळी केली नाही. हसतो, पण आपल्याला हसत नाही. एवढं सांभाळणंसुद्धा सोपं नसतं.

घोटाळा दुसरीकडेच झाला. कॉमिकमध्ये सगळं रान, सगळे चाचे आणि चोर मानतात की हा अमर आहे. तो साधा माणूस आहे, त्याला ताप येतो, गोळी लागते, हे फक्त त्याच्यासोबत रानात राहणाऱ्या बांदर जमातीला, त्याच्या घरच्यांना आणि पान उलटणाऱ्या मला माहीत. त्या गुपितात मला घेतलं होतं, म्हणून मी त्याचा होतो. सिनेमात काय केलं, तर जादूच्या तीन कवट्या आणल्या. सोन्याची, चांदीची आणि हिरव्या दगडाची. त्या एकत्र आल्या की त्यातून शक्तीचे झोत निघतात. मेलेला बापही येऊन मुलाशी बोलतो. अहो, मग गुपित कसलं राहिलं? खरोखरची जादू असलेल्या जगात चारशे वर्षं एक घराणं लोकांना हातोहात फसवतंय, याची गंमतच जाते. ज्याने हे लिहिलं त्याला पोशाख समजला, वेताळाची कवटीची अंगठी समजली, पण ती मेख कळली नाही. माझी धास्ती हीच. पुन्हा काढतील तेव्हा आजच्या चालीप्रमाणे त्याला खरंच अमर करतील, उडायलाही लावतील.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्हा जुन्या वाचकांना ऐकायला आवडत नाही. बाहेरून आलेला एक गोरा माणूस पिढ्यानपिढ्या रानातल्या लोकांना शांतता शिकवतो, आणि ती माणसं त्याच्याकडे हात जोडून बघतात. लहानपणी हे मला दिसलंच नाही, कारण माझा वेताळ गोरा नव्हताच, तो आरवलीचा होता. इंद्रजालवाल्यांना मात्र थोडी कल्पना असावी. मूळ कथेतल्या 'बंगाला' देशाचं त्यांनी 'डेंकाली' केलं आणि 'सिंग' चाच्यांचं 'सिंगा', म्हणजे इथल्या वाचकाला उगाच टोचायला नको. आज तेवढ्यावर भागणार नाही. जसंच्या तसं दाखवलं तर माझी कॉलेजातली भाची मध्यंतरालाच उठेल, आणि मला तिला थांबवता येणार नाही.

म्हणून माझी अपेक्षा विचाराल तर मला सिनेमा गुरनच्या तोंडून ऐकायचाय. बांदरांचा तो म्होरक्या, वेताळाचा लहानपणापासूनचा सोबती. गुपित त्याला ठाऊक. जुन्या वेताळाला गुहेत पुरताना तो तिथे असणार आणि नव्याला बुरखा बांधतानाही. हा अमर आहे असं बाहेर जाऊन सांगणारे त्याचेच लोक. म्हणजे खरं तर दंतकथा चालवतात ते बांदर, वेताळ नुसता पोशाख घालतो. वहाणा झिजल्या असं सांगणारं गाव असतं म्हणून देव रात्री फिरतो, तसंच काहीसं. (हे आरवलीत मोठ्याने बोलू नये.) असा सिनेमा कुणी केला तर वेताळाला गुलाबी रंगाचा करा, मी कुडाळला जाऊन पहिल्या खेळाचं तिकीट काढीन.

आणि त्याच्या डोळ्यांत बुबुळं दाखवू नका. कॉमिकमध्ये बुरख्याआड नुसती पांढरी जागा असायची. झेनचे डोळे चांगले आहेत, पण ते दिसले आणि मला कळलं की हा कुठे बघतोय. पानावरचा वेताळ कुठे बघायचा ते मी ठरवत होतो.

शेवटी एक खाजगी भीती, तुम्हाला हसू येईल. इंद्रजालमध्ये मोठ्या गोष्टी दोन अंकांत तोडून यायच्या. एका चवथीला काकाने पहिला भाग आणला, दुसरा त्याला मिळालाच नाही. पुढे १९९०मध्ये इंद्रजाल बंद पडलं. पहिला भाग अजून माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहे, कडा वाळवीने खाल्ल्यात. वेताळ खाली कोसळणाऱ्या दगडांखाली सापडलेला, आणि शेवटच्या चौकटीत 'पुढील अंकी समाप्त'. त्याला मी चाळीसेक वर्षांत निदान दहा वेगवेगळ्या प्रकारे बाहेर काढलाय. एकदा तर वेतोबाच आला मदतीला. आता दुसरा भाग शोधला तर जुन्या अंकांचा संग्रह करणाऱ्यांकडे सहज मिळेल, पण मी शोधलेला नाही. सिनेमावाल्यांनी बाकी कुठलीही गोष्ट घ्यावी, ती तेवढी घेऊ नये.