कंपनीच्या शाश्वतता अहवालातले आकडे नेमके येतात कुठून?

तुम्ही लिहिलंय की एका मोठ्या कंपनीचे थोडे शेअर घेतलेत, तिच्या वार्षिक अहवालात ‘बीआरएसआर’ (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल) नावाची बरीच पानं आहेत आणि त्यात कार्बन, पाणी, कचरा, अपघात यांचे तक्ते आहेत. हे कोण मोजतं, कसं मोजतं आणि त्यावर विश्वास ठेवायचा का, हा तुमचा प्रश्न.

मी चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात युटिलिटी विभागात काम करतो. बॉयलर, कॉम्प्रेसर, चिलर, डीजी सेट (डिझेल जनरेटर), पाणी हे माझं रोजचं काम. २०२२ पासून आमच्या प्लांटचे हे आकडे मुख्यालयाला मीच पाठवतो. त्यामुळे हा अहवाल खालून कसा दिसतो ते सांगतो.

नियमांचं थोडक्यात. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, २०२२-२३ पासून हा अहवाल सक्तीचा केला. त्याचा आराखडा व्यवसाय जबाबदारीने कसा करावा याच्या २०१९ सालच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांवर बेतलाय. तत्त्वं एकूण नऊ आहेत. कामगार, ग्राहक, आसपासची वस्ती यांची वेगवेगळी तत्त्वं आहेत आणि पर्यावरणाचं तत्त्व सहावं. २०२३ च्या जुलैमध्ये सेबीने त्यातलेच काही निर्देशक वेगळे काढून ‘बीआरएसआर कोअर’ केला आणि त्यांची बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी टप्प्याटप्प्याने सक्तीची केली: २०२३-२४ ला पहिल्या १५० कंपन्या, मग २५०, मग ५००, आणि २०२६-२७ ला सगळ्या १,०००.

आता आकडे. सुरुवात डिझेलच्या बॅरलपासून करतो, कारण माझी पहिल्या वर्षीची फजिती तिथेच झाली. कार्बनचा हिशेब जगभर ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल नावाच्या पद्धतीने करतात. आपल्या आवारात जे इंधन जळतं किंवा जो वायू गळतो तो स्कोप १, विकत घेतलेली वीज स्कोप २, आणि पुरवठादार, वाहतूक, विकलेल्या मालाचा वापर असं बाकीचं सगळं स्कोप ३. एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे लिटर कळले की काम झालं, असं मला वाटलं होतं. पण आमच्या डीजी सेटच्या लॉगबुकात तास होते, लिटर नव्हते. स्टोअरच्या खात्यात खरेदी होती, पण ३१ मार्चला बॅरलमध्ये किती उरलं ते कोणी लिहिलं नव्हतं. त्याच बॅरलमधून फोर्कलिफ्टला आणि आगीच्या पंपालाही डिझेल जायचं. ते सगळं स्कोप १ मध्येच येतं, त्यामुळे बेरीज बिघडत नाही. पण कामगारांची ने-आण करणारी कंत्राटदाराची बससुद्धा अडीअडचणीला तिथूनच भरून घ्यायची. ती बस स्कोप ३ ची. आता दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी सुरुवातीचा साठा, खरेदी आणि शिल्लक यांच्यावर स्टोअर आणि मेंटेनन्स अशा दोघांच्या सह्या होतात. अहवालातल्या एका ओळीमागे अशा बारा पानांच्या सह्या असतात, किंवा नसतात. विश्वासाचा प्रश्न मुळात इथला आहे.

डिझेल डोळ्यांना दिसतं आणि त्याचा धूरही दिसतो, म्हणून सगळे त्याच्याच मागे लागतात. एसीतला गॅस मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. बऱ्याच एसींमध्ये आर-४१०ए नावाचा गॅस असतो. एक किलो गॅस हवेत गेला तर त्याचा परिणाम साधारण दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतका होतो. म्हणजे वर्षभरात दहा किलो गॅस गळला आणि पुन्हा भरला, तर हिशेबात ते सुमारे वीस टन झाले, सात हजार लिटरहून जास्त डिझेल जाळल्यासारखे. आणि हा गॅस भरणारा मेकॅनिक बाहेरचा असतो, त्याच्या बिलावर नुसतं ‘गॅस चार्जिंग’ लिहिलेलं असतं. किती किलो, कुठला गॅस, काही नाही. मी आता सिलिंडरचं आधीचं आणि नंतरचं वजन लिहिल्याशिवाय बिल पास करत नाही. उच्च दाबाच्या विजेच्या पॅनेलमधल्या ब्रेकरचा एसएफ-६ वायू तर याहून भयंकर, त्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त. एखाद्या कारखान्याच्या अहवालात स्कोप १ म्हणून नुसतं इंधन दिसलं आणि रेफ्रिजरंटचा, म्हणजे एसीतल्या अशा गॅसचा, उल्लेखच नसला, तर तिथे हिशेब अपुरा आहे असं मी धरून चालतो.

वीज सर्वांत सोपी. महावितरणच्या बिलावर युनिट असतात, त्याला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने दरवर्षी जाहीर केलेल्या गुणांकाने गुणायचं. २०२३-२४ साठी तो एका युनिटमागे ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड होता. हा देशभरच्या ग्रिडचा सरासरी गुणांक, म्हणून कंपनीने काहीच बदललं नाही तरी तिचा आकडा वर्षागणिक थोडा हलतो.

आमच्या बॉयलरला पूर्वी फर्नेस ऑइल लागायचं, आता ब्रिकेट. बगॅस (उसाची चिपाडं), भुईमुगाची टरफलं, लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्या. पिकाने तो कार्बन हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड स्कोप १ च्या बेरजेत धरत नाहीत, वेगळा दाखवायचा असतो. साखर कारखान्यातल्या बगॅसचंही तसंच. या बदलाने आमचा स्कोप १ बराच खाली आला आणि तो खरोखर चांगला बदल होता. पण त्याच काळात आणखी एक गोष्ट झाली. आमचं हीट ट्रीटमेंटचं (भाग भट्टीत तापवून कठीण करण्याचं) शॉप बंद करून ते काम वीसेक किलोमीटरवरच्या व्हेंडरला दिलं. भट्ट्यांची वीज आणि गॅस आमच्या खात्यातून गेला, त्याच्या खात्यात गेला, आणि वर रोज दोन टेम्पो जाऊन-येऊन धावायला लागले. आमच्या तक्त्यात मात्र दोन्ही गोष्टी एकाच घटीत मिसळल्या. हवेच्या दृष्टीने पहिली घट खरी होती, दुसरी नुसती कंपाउंडच्या भिंतीपलीकडे गेली. मी मुख्यालयाला तसं कळवलं आणि ‘सीमेत बदल’ अशी तळटीप घालायला लावली. अहवाल वाचताना तळटीपा वाचा, हे मी तुम्हाला एवढ्यासाठीच सांगतोय.

भिंतीपलीकडचं सगळं खरं तर स्कोप ३ मध्ये यायला हवं. त्याचे पंधरा प्रकार आहेत. वाहन कंपनीच्या बाबतीत सर्वांत मोठा वाटा असतो विकलेल्या गाड्या रस्त्यावर जे इंधन जाळतात त्याचा, कारखान्यातला आकडा त्यापुढे लहान असतो. पण बीआरएसआरमध्ये स्कोप १ आणि २ सक्तीचे आहेत, स्कोप ३ ऐच्छिक. त्यामुळे गाड्या बनवणारी कंपनी फक्त छतावरच्या सोलरबद्दल लिहीत असेल, तर तिने घराचा हिशेब दिला आणि दुकानाचा राहिला. जी कंपनी स्कोप ३ देते, अंदाजाने का होईना, तिच्याबद्दल मला आदर वाटतो. महिंद्र अँड महिंद्रने २०१६ मध्ये स्वतःच्या अंतर्गत हिशेबासाठी कार्बनला टनामागे १० डॉलर भाव लावला होता. असं काही केलं की आकडा फक्त अहवालात राहत नाही, नवं मशीन घेताना खरेदी विभागालाही तो मोजावा लागतो.

पाण्याची गोष्ट वेगळी. एमआयडीसीच्या पाण्याला मीटर असतो, टँकरची चलनं असतात, पण आमच्या बोअरला मीटर नव्हता. पहिल्या वर्षी पंप किती तास चालला त्यावरून अंदाज काढला. दुसऱ्या वर्षी मीटर बसवला आणि आकडा चांगलाच वाढला. वापर तेवढाच होता, मोजणं सुधारलं होतं. वरून फोन आला: “गेल्या वर्षीपेक्षा पाणी वाढलं असं कसं दाखवायचं?” मी गेल्या वर्षीचाच आकडा नव्या मीटरच्या आधाराने दुरुस्त करून कारणासह पाठवला. माझ्या साहेबांनी त्यावर सही केली, हे मी विसरणार नाही. म्हणून एखाद्या वर्षी आकडा अचानक वाईट झालेला दिसला तर लगेच कंपनीला नावं ठेवू नका. मागच्या वर्षांचे आकडे बदलून त्याचं कारण दिलेलं असेल, तर तिथे कोणीतरी प्रामाणिकपणे काम करतंय.

कचऱ्याचा आकडा पडताळायला आम्हाला दुसरा आधार असतो. आमचा घातक कचरा रांजणगावच्या प्रकल्पात जातो, त्याचं मॅनिफेस्ट (वाहतुकीची नोंदपावती) असतं, आणि जूनअखेर प्रदूषण नियंत्रण मंडळाला वार्षिक विवरण द्यावं लागतं. तिथला टनांचा आकडा आणि अहवालातला आकडा जुळायलाच हवा. तपासणीला येणारे लोक आधी हेच जुळवून पाहतात. मग कुठलाही एक महिना निवडून वीजबिल, डिझेलचं चलन, मीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागतात. तपासणी दोन प्रकारची असते. एकात सखोल पुरावे पाहून आकडे बरोबर आहेत असं म्हटलेलं असतं, दुसऱ्या, मर्यादित प्रकारात ‘काही चूक आढळली नाही’ एवढंच. प्रमाणपत्रातलं वाक्य यापैकी कुठलं आहे ते पाहा.

आता तीव्रतेबद्दल, म्हणजे उलाढालीच्या दर कोटीमागे किती उत्सर्जन याबद्दल, कारण भागधारकाची फसगत इथे सर्वाधिक होते. समजा एका कंपनीची उलाढाल ५,००० कोटी आणि उत्सर्जन १ लाख टन, म्हणजे कोटीमागे २० टन. पुढच्या वर्षी भाव वाढले, उलाढाल ५,८०० कोटी झाली आणि उत्सर्जन १ लाख ६ हजार टन. कोटीमागे साधारण १८.३ टन. अहवालात ‘तीव्रतेत ८ टक्क्यांहून अधिक घट’ असं ठळक छापता येतं आणि ते खोटंही नसतं. हवेत मात्र सहा हजार टन जास्त गेले. म्हणून एकूण आकडा आणि उत्पादनाच्या टनामागचा आकडा, दोन्ही शोधा. रुपयामागचा आकडा महागाईबरोबर आपोआप सुधारतो.

आकडे जुळले म्हणजे सगळं खरं, असंही नाही. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये फोक्सवॅगनला डाउ जोन्स शाश्वतता निर्देशांकात वाहन उद्योगात अव्वल ठरवलं गेलं. काही दिवसांतच अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने उघड केलं की तिच्या डिझेल गाड्यांमधलं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी दाखवायचं. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत निघत होते. निर्देशांकातून तिला काढलं, पण ते भांडं फुटल्यानंतर.

लहान प्रमाणात असं मीही पाहिलंय. आधीच्या एका ठिकाणी मी होतो तिथे एका कंत्राटी मुलाचं बोट प्रेसखाली मोडलं. सुरक्षेचा आकडा दहा लाख मनुष्य-तासांमागे किती दुखापतींमुळे काम बुडालं असा असतो. ‘काम बुडालं’ असं होऊ नये म्हणून त्याला दुसऱ्या दिवशी प्लास्टरसकट बोलावून ऑफिसात बसवलं. तक्त्यात शून्य लागलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, पण मी नवा होतो आणि गप्प बसलो. आता अहवालात कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांचे आकडे वेगळे दिलेत का, आणि कंत्राटींचा आकडा वर्षानुवर्षं शून्यच आहे का, हे मी आधी बघतो. हजारो कंत्राटी माणसं असलेल्या कारखान्यात सलग शून्य लागत असेल तर मला त्या मुलाचं बोट आठवतं.

तुम्हाला एकच आकडा पाहायचा वेळ असेल तर बहुतेकांच्या नजरेतून सुटणारा एक सांगतो. बीआरएसआर कोअरमध्ये पुरवठादारांची देणी किती दिवसांची आहेत तेही द्यावं लागतं: थकीत देणी गुणिले ३६५, भागिले वर्षाची खरेदी. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे असा २००६ च्या कायद्याचा नियम आहे. माझ्या मेहुण्याचं भोसरीत चार मशीनचं वर्कशॉप आहे, त्याला पैसे कधी मिळाले यावर त्याच्याकडे काम करणाऱ्या पोरांचे पगार ठरतात. हा आकडा सगळ्या पुरवठादारांची सरासरी असतो, मोठ्यांना लवकर आणि लहानांना उशिरा दिलं तरी तो चांगला दिसू शकतो. त्यामुळे त्याच्या शेजारी आर्थिक पत्रकांमध्ये लघु उद्योगांची थकबाकी वेगळी दाखवलेली असते, तीही उघडून पाहा. दोन्ही पानं एकाच अहवालात आहेत, फक्त दीडशे-दोनशे पानांच्या अंतरावर.