गोटी सोडा, इर्न-ब्रू आणि तासगावची द्राक्षं : वाचक विचारतात, जहाजावरचा बारवाला सांगतो

मागच्या अंकात जहाजावरच्या बारमधल्या माझ्या चौदा वर्षांच्या नोकरीबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी सहज म्हटलं होतं की देशोदेशीच्या कोल्ड्रिंक-वाइनबद्दल काय विचारायचं असेल तर विचारा. तर ऑफिसात पत्रांचा आणि व्हॉट्सॲपचा ढीगच लागला. सगळ्यांना पुरं पडणं काय शक्य नाही. "जगात सगळ्यात भारी कुठलं" असं विचारणारे सगळे प्रश्न मी सरळ बाजूला ठेवलेत, कारण त्याला उत्तर नसतंय. मी स्वतः कोल्हापूरचा, इथं कॉकटेल म्हंजे फळं, जेली आणि वर आइस्क्रीमचा गोळा, आणि नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका गोऱ्या बाईंनी कॉकटेल मागितल्यावर मी बर्फाऐवजी फ्रीजरमधल्या व्हॅनिलाकडं हात नेला होता. असला माणूस कसला निकाल देणार! पण एवढ्या वर्षांत एक गोष्ट ध्यानात आली, कुठल्याही देशाचं पेय समजून घ्यायचं तर ते कशातनं उरलं, काय वाया जात होतं म्हणून झालं, हे आधी विचारायचं. चवीचं कोडं निम्मं तिथंच सुटतंय.

प्रश्न : माझा भाचा ग्लासगोला शिकतो. सुट्टीला येताना त्यानं इर्न-ब्रू नावाचं भगव्या रंगाचं कोल्ड्रिंक आणलं. घरात कुणालाच आवडलं नाही, सासूबाई म्हणाल्या खोकल्याच्या औषधात कुणीतरी बबलगम विरघळवलंय. तिकडं म्हणे लोक त्याच्यावर जीव टाकतात, खरं का?
— एक वहिनी, राजारामपुरी

उत्तर : वहिनी, सासूबाईंची जीभ एकदम तयार आहे बघा. खरंच जीव टाकतात. बार नावाच्या कंपनीनं १९०१ साली ते काढलं, तेव्हा नाव होतं आयर्न ब्रू, म्हंजे लोखंडाचं काढलेलं पेय. मग लेबलवर खरं तेच लिहायचा कायदा येणार असं दिसल्यावर, हे काय बिअरसारखं आंबवून केलेलं नाही म्हणून १९४६ ला स्पेलिंग मोडून इर्न-ब्रू केलं. उच्चार तोच, कायद्याच्या कचाट्यातनं सुटका. लोखंड मात्र आहे त्यात, अमोनियम फेरिक सायट्रेट, ०.००२ टक्के, म्हंजे नावापुरतंच. २०१८ ला ब्रिटनमध्ये साखरेवर टॅक्स आला तेव्हा कंपनीनं साखर निम्म्याहून कमी केली, तर लोकांनी जुन्या चवीच्या बाटल्यांचे बॉक्स घरात साठवून ठेवले होते, आपल्याकडं लॉकडाऊनला साखर-तेल भरलं तसं.

आपल्याला आवडत नाही कारण आपण ते लहानपणी प्यालेलो नाही, एवढंच. पेरू देशात इंका कोला म्हणून पिवळंधमक असतंय, १९३५ चं, लिंडली घराण्याचं, गवती चहासारख्या वासाच्या एका पाल्याच्या चवीचं. कोका-कोलाला ते काय हटवता येईना, शेवटी १९९९ ला त्यांनी त्यात भागीच घेतली. आपल्या थम्स अपचं काय वेगळं झालं? १९७७ ला कोका-कोला देश सोडून गेली, पार्लेनं थम्स अप आणलं, १९९३ ला कोका-कोला परत आली आणि तेच विकत घेतलं, आणि आजपण मिसळ खाल्ल्यावर माणूस थम्स अपच मागतोय. भाच्याला सांगा पुढच्या खेपेला गरम भज्याबरोबर द्यायचं, एकदम थंडगार करून. कोमट इर्न-ब्रू माझ्याच्यानंपण जात नाही.

प्रश्न : गोटी सोडा आपला का इंग्रजांचा? मित्राबरोबर मिसळीची पैज लागलीय.
— एक कॉलेजकुमार, शिवाजी पेठ

उत्तर : भावा, पैज हरलास का जिंकलास ते तूच ठरव. बाटली इंग्रजाची, हायरम कॉड त्याचं नाव, १८७२ चं पेटंट. आधी सोड्याच्या बाटलीला बूच असायचं, ते सुकलं की गॅस पळायचा. याची आयडिया बघ कसली, गळ्यात आत रबराची रिंग, पोटात काचेची गोटी. बाटली उलटी धरून भरायची, सरळ केली की आतला गॅसच गोटीला वर ढकलून रिंगेवर दाबून बसवतोय. म्हंजे जो पळून जाणार तोच दाराला कडी लावून बसलेला. गळ्याला दोन खळगे असतात बघ, ते शोभेला नाहीत. ओतताना त्या बाजूनं धरली की गोटी तिथं अडकते, नाहीतर ती परत तोंडाशी येऊन बसते आणि तू बाटली हलवत बसतोस.

इंग्लंडमध्ये ही बाटली कधीच मोडीत निघाली, पोरं गोट्यांसाठी बाटल्या फोडायची हे आणि एक. टिकली ती आपल्याकडं आणि जपानात. जपान्यांच्यात तिला रामुने म्हणतात, लेमोनेडचा अपभ्रंश, १८८४ च्या सुमाराला कोबे बंदरात सुरू झालं. कोबेला आमचं जहाज लागलं तेव्हा मी एक घेतली, दुकानदार गोटी कशी दाबायची ते खुणा करून दाखवाय लागला, तोवर मी अंगठ्यानं फट्कन आत सारली. तो बघतच राहिला. मीठ-लिंबू घालून मसाला सोडा मात्र आपलाच, तिथं नुसतं गोड असतंय. मिसळ निम्मी-निम्मी करा.

प्रश्न : माझी चार एकर द्राक्षबाग आहे, थॉमसन आणि सोनाका. दर पडला की सगळा माल बेदाण्याला जातोय. याचीच वाइन का होत नाही? आणि फ्रान्सची वाइन एवढी महाग, नाशिकची स्वस्त, आमच्या मातीत काय कमी आहे का?
— एक बागायतदार, तासगाव तालुका

उत्तर : दादा, सगळ्यात आवडलेला प्रश्न तुमचा, म्हणून जरा लांबड लावतो. माती कमी नाही, जात वेगळी. तुम्ही जीए, म्हंजे मणी वाढवायचं औषध, मारून मणी फुगवता, साल पातळ पाहिजे, बी नको, तोंडात टाकला की कच्च फुटला पाहिजे. वाइनवाल्याला बरोबर उलटं पाहिजे असतंय. मणी बारका, साल जाड, आत बिया. कारण बहुतेक काळ्या द्राक्षाचासुद्धा रस पांढराच असतोय, तांबड्या वाइनचा रंग सालीतनं येतो आणि जिभेला ओढ देणारा तुरटपणा साल आणि बियांतनं. थॉमसनची वाइन होतच नाही असं नाही, अमेरिकेत स्वस्तातल्या पांढऱ्या वाइनमध्ये ती भरपूर गेलीय, पण तिला स्वतःची अशी चव नाही. म्हणून नाशिककडं शिराझ, कॅबर्ने सॉव्हिन्याँ, शेनाँ ब्लाँ असल्या फ्रान्सच्या जाती लावल्यात.

आता गंमत बघा. फ्रान्समध्ये वेल थंडीत झोपतोय, पानं गळतात, वर्षात एकच पीक, सप्टेंबरच्या आसपास तोडणी. आपल्याकडं वेल झोपतच नाही, म्हणून तुम्ही एप्रिलला नव्या काडीसाठी खरड छाटणी आणि ऑक्टोबरला घडासाठी गोडी छाटणी घेता. म्हंजे वेलाला झोपेचं सोंग तुम्ही कात्रीनं आणता. नाशिकची वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्च तोडतात, फ्रान्सचा शेतकरी तेव्हा कानटोपी घालून काड्या छाटत असतोय. आणि तुम्ही डॉगरिज या अमेरिकन वेलाच्या खुंटावर कलम करता ना? तेच तिकडं. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीनं फ्रान्सच्या बागा बसवल्या होत्या, शेवटी अमेरिकन खुंटावर फ्रेंच काडी बांधली तेव्हा वाचले. ते खानदानी वाइनवाले आजपण अमेरिकन मुळावर उभे आहेत, पण त्यांच्यासमोर बोलायचं नसतंय!

आणि बेदाण्याला कमी लेखू नका. इटलीत व्हेरोनाजवळ आमारोने म्हणून वाइन करतात, लई महाग. तिची द्राक्षं तोडून ताटल्यांवर पसरून तीन-चार महिने हवेशीर माळ्यावर सुकत ठेवतात, मग चुरतात. पहिल्यांदा ते फोटोत बघितलं तेव्हा मला वाटलं, हे तर आपलं बेदाण्याचं शेड! फरक एवढाच की तुम्ही लवकर सुकावं म्हणून डिपिंग ऑइलमध्ये बुडवून जाळीवर टाकता आणि पंधरवड्यात मोकळे होता, ते थंडीत मांजराच्या पावलानं सुकवतात.

किमतीचं म्हणाल तर निम्मी किंमत बाटलीतली, निम्मी बाटलीवरची. आपल्याकडं २००१ ला सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला आणि तुमच्या शेजारी पलूसला वाइन पार्क काढले. पण वाइनची जात लावायची तर आधी कोण घेणार त्याचा लेखी करार करा, कारण ती द्राक्षं बाजारात गाड्यावर विकली जात नाहीत, बारक्या मण्याला कुत्रं विचारत नाही.

प्रश्न : तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबरोबर कुठली वाइन? मुंबईच्या पाहुण्यांसमोर लाज जायला नको.
— एक वाचक, ताराबाई पार्क

उत्तर : तांबडा रस्सा म्हणून तांबडी वाइन, ही चूक करू नका. तुरट तांबडी वाइन आणि मिरची एकत्र आली की वाइन कडू लागते आणि तिखट आणखी चढतंय. वाइन पाहिजेच तर पांढरी, थंड, किंचित गोड आणि दारूचं प्रमाण कमी असलेली. जर्मनीत मोझेल नदीकाठची रीसलिंग असते, त्यातल्या काही ८-९ टक्क्यांच्याच, ती मिळाली तर सोनं. नाहीतर नाशिकची शेनाँ ब्लाँ, फ्रीजमधनं काढून लगेच. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध असतंय, त्याच्याशी ती बरी जमते. माझं विचाराल तर पाहुण्यांना सोलकढी द्या आणि वाइन जेवणाच्या आधी खारे काजू ठेवून उरकून टाका.

प्रश्न : आमचं घरगुती पनीरचं युनिट आहे. शंभर लिटर दुधामागं सत्तर-ऐंशी लिटर पाणी निघतंय, गटारात सोडलं की वास मारतो, शेजारी भांडतात. याचं काही पेय होतं का?
— एक ताई, गडहिंग्लज

उत्तर : ताई, अख्खा स्वित्झर्लंड पितोय ते! रिव्हेला नाव, १९५२ पासूनचं. चीज करताना दुधाचं जे निवळ पाणी उरतं त्यातलं प्रथिन काढून, गाळून, साखर, स्वाद आणि गॅस घालायचा. बाटलीत ३५ टक्के तेच पाणी असतंय. चव सफरचंदाच्या सोड्यासारखी, मागनं किंचित आंबूस. मी प्यालोय, वाईट नाही. आणि फँटा कशातनं जन्मली माहिताय? दुसऱ्या महायुद्धात जर्मनीला कोका-कोलाचं सिरप मिळेना, तर तिथल्या कारखान्यानं चीजचं पाणी आणि सफरचंदाचा चोथा वापरून काढली, संत्र्याचा आणि तिचा तेव्हा काय संबंध नव्हता. रशियात राय धान्याच्या शिळ्या पावाचं क्वास करतात, आंबूस, ताकाच्या वळणाचं. सगळी उरल्यासुरल्याची लेकरं.

तुमच्यासाठी सोपं : लिंबू किंवा सायट्रिक ॲसिडनं दूध फाडत असाल तर पाणी आधीच आंबट असतंय. दुहेरी फडक्यातनं गाळा, लगेच गार करा, आलं, भाजलेलं जिरं, सैंधव, थोडा गूळ. त्याच दिवशी संपवायचं, दुसऱ्या दिवशी ठेवू नका. विकायचं तर फूड लायसन्स काढूनच. उरलंच तर चपातीच्या कणकेत घाला, मऊ होतात.

प्रश्न : वाइनमध्ये कोक ओततात म्हणे. खरं का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : खरं. स्पेनच्या बास्क भागात कालिमोचो म्हणतात, निम्मी तांबडी वाइन निम्मा कोक, भरपूर बर्फ. हे नाव १९७२ ला अल्गोर्ता गावच्या जत्रेत पडलं, तिथल्या पोरांनी घेतलेली वाइन खराब निघाली आणि ती खपवायला त्यांनी कोक ओतला. हंगेरीत वाइनमध्ये सोडा घालतात आणि कुणी किती घालायचा त्याला वेगवेगळी नावं आहेत, एक भाग वाइन दोन भाग सोडा असला तर "लांब पाऊल", तीनाला दोन असला तर "वॉचमन". आपल्याकडं असली मापं फक्त व्हिस्कीची ठरलेली. चांगल्या वाइनमध्ये मात्र ओतू नका, पैशाचा चुराडा.

प्रश्न : मे महिन्यात करवंदाची वाइन घरी केली, साखर-यीस्ट घालून बाटल्या घट्ट बंद केल्या. परवा रात्री एक फुटली, भिंतभर जांभळं. अजून दोन आहेत. काय करू?
— एक वाचक, आजरा

उत्तर : पहिलं म्हंजे, महाराष्ट्रात लायसनशिवाय घरी दारू करणं गुन्हा आहे, करवंदाची असो नाहीतर मोहाची, त्यामुळं पुढची बॅच नको. दुसरं, फुटली ती तुमच्या हातगुणानं नाही. यीस्ट साखर खातंय आणि दारूबरोबर गॅस सोडतंय, साखर उरलेली असताना बाटली बंद केली की गॅस आतच साठत जातो. शँपेनमध्ये हेच मुद्दाम करतात, पण त्या बाटलीची काच जाड, आतला दाब ५-६ ॲटमॉस्फिअर, म्हंजे मोटारीच्या टायरच्या दुपटीवर. तरी एकोणिसाव्या शतकात तिथल्या तळघरात कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे घालून फिरायचे, एक फुटली की शेजारच्या चार फुटायच्या. तुमची जुन्या सरबताची बाटली, तिची काय कथा.

उरलेल्या दोन हलवू नका, पोरांना त्या खोलीत जाऊ देऊ नका. ओलं जाड पोतं टाका, हेल्मेटची काच खाली ओढा, हातात चामडी मोजे, आणि पोत्यावरनंच झाकण धरून एकेक आटा सैल करा. फस्स आवाज येईल, तो पूर्ण थांबला की मगच पुढचा आटा.