बैलाचा गोचीड मांडीला चिकटला, रॉकेल टाकून काढू का?

रॉकेल नको, चटकाही नको. बारीक टोकाचा चिमटा कातडीला टेकवून धरा, न पिळता सरळ वर ओढा, जागा साबणाने धुवा. बोटाने चिरडू नका (गोठ्यात ही सवय सगळ्यांनाच). काँगो तापाचा विषाणू त्यातूनही लागतो.

आपल्याकडे जास्त भीती मात्र धुऱ्यावरच्या गवतातल्या चिगरची. गोचिडाचीच भावकी, पण डोळ्याला दिसत नाही. तो चावला की स्क्रब टायफस हा ताप होऊ शकतो; २०१८ मध्ये नागपूरकडे त्याने माणसं दगावली. निंदणाला पूर्ण बाह्या, पायजमा मोज्यात खोचलेला, घरी येताच आंघोळ. दोन-तीन आठवड्यांत ताप आलाच तर काखेत, जांघेत काळी खपली शोधा. विडीच्या चटक्यासारखी दिसते, दुखत नाही. दिसो न दिसो, शेतातलं काम डॉक्टरांना सांगा. डॉक्सीसायक्लिन हे औषध वेळेत सुरू झालं की ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो.